पयल्यानं फसवलं, तं दुसरा पाहाचा काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळचा विषय : सिनेमाचे पुढचे भाग

प्रश्न : आमच्या घरचे पोट्टे म्हन्तात, पयला भाग बेकार व्हता तं दुसरा कायले पाहाचा? मी म्हन्तो, पाहून तं पाहा. पन एखादा तरी दाखला पाह्यजे ना जी, का पयला रद्दी अन् दुसरा झकास निघाला. अन् असा निघते तं काऊन निघते?
(एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : दाखला आहे, आणि चांगला जुना आहे. अमेरिकेतल्या एका लाडक्या टीव्ही मालिकेवरून १९७९ साली 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' निघाला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे कसलेला माणूस. खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास, लांबी १३२ मिनिटं. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा गोष्टीचा शेवट कागदावर पक्का नव्हता. प्रदर्शनाची ७ डिसेंबर ही तारीख मात्र पक्की होती. ट्रिकच्या दृश्यांचं काम एका मंडळीकडून काढून मध्येच दुसऱ्यांना द्यावं लागलं. ती दृश्यं इतक्या उशिरा हाती आली की कात्री लावायला वेळच उरला नाही. मग पडद्यावर काय दिसतं? अंतराळयान गोदीत उभं आहे, कॅमेरा त्याच्याभोवती मिनिटामागून मिनिटं फिरतो आहे, पात्रं आ वासून यानाकडे बघताहेत आणि प्रेक्षक घड्याळाकडे.

तरी त्यानं जगभरात १४ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला केला, म्हणून दुसरा भाग निघाला. हे तुमच्या पोरांना आधी सांगा. दुसरी संधी त्याच सिनेमाला मिळते, जो प्रेक्षकाला नाराज करतो पण निर्मात्याला बुडवत नाही. दोघांनाही बुडवणाऱ्याचा दुसरा भाग पाहायची वेळच येत नाही.

१९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान'ला सव्वा कोटी डॉलरही मिळाले नाहीत. काम टीव्हीवाल्या हार्व्ह बेनेटकडे दिलं. त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर मूळ मालिकेचे सगळे भाग बसून पाहिले आणि १९६७ च्या एका भागातला खलनायक उचलला : खान. त्यात नायक कर्कनं त्याला एका निर्जन ग्रहावर सोडून दिलेलं असतं. म्हणजे सूड तयारच होता, नवा शोधावा लागला नाही. पटकथेचे चार-पाच खर्डे होते, एकही धड नाही. दिग्दर्शक निकोलस मायरनं सगळ्यांना विचारलं, कोणत्या खर्ड्यातलं काय काय आवडलं. ती यादी घेऊन त्यानं १२ दिवसांत एक सलग पटकथा लिहिली.

पैशाची तंगी कुठं कुठं दिसते ते बघण्यासारखं आहे. नायकाच्या आणि खलनायकाच्या यानाचा आतला कक्ष म्हणजे एकच सेट, थोडा फिरवून-रंगवून वापरलेला. त्यामुळे दोघांचं चित्रीकरण वेगवेगळ्या वेळी झालं, आणि अख्ख्या सिनेमात कर्क आणि खान एकदाही समोरासमोर येत नाहीत. बोलतात ते पडद्यावरून. तरी वैर असं पेटतं की ही उणीव ध्यानातच येत नाही. सुरुवातीच्या सरावाच्या प्रसंगातली शत्रूची यानं तर पहिल्याच सिनेमातून कापून घेतलेली आहेत.

आणखी एक चलाखी. स्पॉक, म्हणजे नायकाचा लाडका साथीदार, मरणार ही बातमी प्रदर्शनाआधीच फुटली होती. म्हणून सिनेमाच्या आरंभीच त्याला एका सरावात खोटं-खोटं मारलं. प्रेक्षक हसला, 'हेच होतं होय' म्हणून निर्धास्त झाला, आणि शेवटी खरा घाव बसला.

पैसा घटला म्हणून सिनेमा सुधारला, असा अर्थ काढू नका. पैसा नव्हता म्हणून गोष्ट आधी कागदावर उतरवावी लागली, एवढंच. घरच्या भांडणात बाजी तुमची. पण दर वेळी नाही. साधा हिशेब करायचा तर वाईट पहिल्याचा दुसराही बहुधा वाईटच निघतो.

प्रश्न : तालुक्याला जाऊन सिनेमा पाहायचा म्हणजे एसटीचं भाडं, तिकीट, परतीची शेवटची गाडी चुकली तर मुक्काम. पुढचा भाग सुधारला आहे की नाही, हे आधी कसं ओळखावं?
(एक वाचक, मेहकर तालुका)

उत्तर : ट्रेलरच्या शेवटी बारीक अक्षरांत नावं येतात. तिथं ट्रेलर थांबवा आणि दोनच नावं वाचा : लेखक आणि दिग्दर्शक. दोन्ही पहिल्या भागाचीच असतील तर घरी बसा. दिग्दर्शक बदलला पण लेखक तोच, तरी सबुरीनं घ्या. दोन्ही बदलली असतील तर आशा आहे. २००९ चा वुल्व्हरिनचा पहिला स्वतंत्र सिनेमा फसला. २०१३ ला दिग्दर्शक म्हणून जेम्स मॅनगोल्ड आला आणि बरा सिनेमा दिला. तिसऱ्याच्या, २०१७ च्या 'लोगन'च्या, पटकथेत त्यानं स्वतः हात घातला आणि त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. नायक तिन्ही वेळा ह्यू जॅकमनच. म्हणून पोस्टरवरचा चेहरा बघून काही कळत नाही.

'आधीपेक्षा मोठा, आधीपेक्षा भव्य' अशी जाहिरात असेल तर सावध. पहिला लहान होता म्हणून पडला, असं फार कमी वेळा घडतं.

प्रश्न : चांगला निघालेला पुढचा भाग तरी गल्ल्यावर का आपटतो? लोकांना चांगलं नको असतं का?
(एक वाचक, पुसद)

उत्तर : लोकांना चांगलं हवं असतं, पण लोक आठवणीवर तिकीट काढतात. एका वर्षी सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही, तर पुढच्या वर्षी त्याच पिशवीत सोनं भरून दिलं तरी शेतकरी कृषी केंद्रातून दुसरी पिशवी मागतो. सिनेमाचं तसंच आहे. पहिल्याची उधारी दुसऱ्याला फेडावी लागते.

आकडे बघा, सगळे जगभरच्या गल्ल्याचे आणि डॉलरमधले. 'विजा' हा २०१४ चा भुताचा सिनेमा समीक्षकांनी झोडपला, कमाई १० कोटींच्या वर. २०१६ चा पुढचा भाग कितीतरी सरस, कमाई ८ कोटींच्या आसपास. २०१६ चा 'सुइसाइड स्क्वॉड' विस्कळीत, तरी ७४ कोटी. जेम्स गननं २०२१ ला तीच कल्पना नव्यानं मांडली, उत्तम जमली, आणि हाती आले १७ कोटींच्या आत. तो करोनाचा काळ होता आणि अमेरिकेत सिनेमा त्याच दिवशी घरबसल्याही दिसत होता, हे खरं. पण सगळा दोष त्यावर टाकता येत नाही. ट्रान्सफॉर्मर्स मालिकेतला २०१७ चा पाचवा भाग ६० कोटी आणि पुढच्याच वर्षीचा नेटका 'बम्बलबी' ४७ कोटींच्या आत. अपवाद आहेत. 'अ‍ॅनाबेल'चा २०१७ चा भाग पहिल्यापेक्षा बराही होता आणि त्यानं कमावलंही जास्त, ३० कोटींच्या वर. 'थॉर'चा तिसराही तसाच.

ही उधारी फिटते ती बहुधा तिसऱ्या भागाला किंवा टीव्हीवर. 'चांगला होता म्हणे' ही बातमी गावात पोचेपर्यंत सिनेमा थिएटरातून उतरलेला असतो.

प्रश्न : 'विजा : ओरिजिन ऑफ इव्हिल' मोबाइलवर पाहिला. मधूनमधून वर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. फाइल खराब आहे की मोबाइल?
(एक वाचक, धारणी)

उत्तर : दोन्ही ठीक आहेत. तो ठिपका दिग्दर्शक माइक फ्लॅनॅगननं मुद्दाम टाकला आहे.

फिल्मच्या जमान्यात सिनेमा रिळांच्या डब्यांतून यायचा. मोठं रीळ २,००० फुटांचं. मिनिटाला ९० फूट फिल्म पळते, म्हणजे एक रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं. थिएटरात दोन प्रोजेक्टर शेजारी-शेजारी असत. रीळ संपायच्या सुमारे ८ सेकंद आधी उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका येई : दुसऱ्या यंत्राची मोटर चालू कर. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका : आता उजेडाची पाती फिरवून दुसरं यंत्र पडद्यावर आण. ठिपका फक्त चार चौकटींपुरता, सेकंदाच्या सहाव्या हिश्शाएवढा. ऑपरेटरची नजर तिथं, प्रेक्षकाची नायिकेवर. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला बहुधा एकच यंत्र असे, तेव्हा ठिपका दिसला की थोड्या वेळात अंधार, शिट्ट्या आणि रीळ बदलेपर्यंत चणे-फुटाणे.

ही गोष्ट १९६७ सालात घडते. आरंभीचं कंपनीचं बोधचिन्हही जुन्या धाटणीचं आहे, आणि ठिपके त्याच सजावटीचा भाग. पहिल्या 'विजा'त पोरं मरतात तेव्हा आपल्याला काही वाटत नाही, कारण ती कोण आहेत तेच कळलेलं नसतं. इथं आधी घर कळतं. नवरा गेलेली आई पोटासाठी खोट्या प्रेतबैठका भरवते, दोन मुली लपून तिला मदत करतात. ही लबाडी इतकी बारकाईनं दाखवली आहे की भूत खरोखर येतं तेव्हा आपण त्या घराचे झालेले असतो. पहिला भाग पाहायची गरज नाही. कथा त्याच्याही आधीची आहे.

प्रश्न : 'फास्ट अँड फ्युरिअस' कोणत्या क्रमानं पाहावा? तिसऱ्यात मेलेला माणूस पुढं जिवंत कसा?
(एक वाचक, मोर्शी)

उत्तर : १, २, ४, ५, ६, ३, ७, आणि त्यापुढचे ओळीनं. तिसरा भाग (२००६, 'टोकियो ड्रिफ्ट') कथेत सहाव्यानंतर घडतो, म्हणून तो मेलेला माणूस, हान, चौथ्या-पाचव्या-सहाव्यात जिवंत. वेळ कमी असेल तर पहिला पाहून थेट पाचवा लावा. दुसरा आणि चौथा सोडलात तरी काही अडत नाही. पाचव्यानं (२०११) मालिकेचा धंदाच बदलला : रस्त्यावरची शर्यत बाजूला आणि टोळीनं मिळून घातलेला दरोडा पुढं. शेवटी दोन गाड्या मिळून तिजोरी शहरभर ओढत नेतात, त्या दृश्यासाठी खरोखरीच्या तिजोऱ्या बनवून रस्त्यावर ओढल्या होत्या. म्हणून तिचं वजन डोळ्यांना पटतं.

प्रश्न : गेल्या हंगामात आमच्या नाटक कंपनीचं रात्रभराचं कौटुंबिक नाटक पडलं. दोन गावांत तर मध्यरात्रीनंतर शामियाना अर्धा रिकामा. लेखक म्हणतो, पात्रं लोकांना ठाऊक झाली आहेत, याचाच पुढचा भाग काढू. काढावा का जी? सिनेमावाले हे कसं करतात?
(एक वाचक, वडसा)

उत्तर : काढा, पण बॅनरवर 'भाग दुसरा' छापू नका. 'लोगन', 'बम्बलबी' या नावांत आकडा नाही, मागच्याचा वासही नाही. आकडा पडलेल्या नाटकाची आठवण करून देतो. नवं नाव, नवं चित्र. आणि 'तीच मंडळी, पुढची गोष्ट' ही ओळ हवीच असेल तर खाली बारीक.

लिहायला बसण्याआधी नाटक नेमकं कुठं पडलं ते शोधा. हे लेखक सांगू शकणार नाही, नटही नाही. नट आपल्या प्रवेशापुरतं बघतो. प्रॉम्प्टरला विचारा. प्रत्येक प्रयोगाला अख्खी संहिता ओळीन् ओळ पुढ्यात असणारा आणि विंगेतून प्रेक्षकही दिसणारा तोच एक माणूस आहे. त्याच्या वहीत गेल्या हंगामातल्या आठवतील तेवढ्या गावांसाठी पेन्सिलीनं खुणा करून घ्या : लोक कोणत्या प्रवेशाला उठले. सगळ्या गावांत एकाच जागी उठले असतील तर दोष संहितेत. प्रत्येक गावात वेगळ्या जागी उठले असतील तर दोष थंडीचा, आवाजाचा किंवा उशिरा सुरू केल्याचा. मग संहितेला हात लावू नका. लावणीच्या नंतर उठले असतील तर ते मोजूच नका, ते त्यासाठीच आले होते.

रात्रभराच्या नाटकात बहुतेक वेळा घोटाळा एकच असतो : गुपित लवकर फुटतं. पोर कोणाचं, मृत्युपत्र कोणी बदललं, हे एक वाजता कळलं आणि पडदा पडणार चारला, तर मधले तीन तास कोणी कशासाठी बसावं? पुढच्या भागात मुख्य गुपित शेवटच्या तासात ठेवा आणि त्याआधी दर तासाला एक लहान गुपित फोडा.

मागच्यातलं काय ठेवायचं? एक पात्र. फक्त एक, ज्याच्या एन्ट्रीला टाळी पडत होती. 'रॅथ ऑफ खान'च्या बेनेटनं मालिकेच्या ७९ भागांतून एक खान उचलला, सगळी वरात नाही उचलली. लेखकाला सगळी पात्रं प्यारी असतात, तिथं निर्मात्यानं वाईटपणा घ्यावा. आणि त्या पात्राची कुबडी आरंभीच काढून घ्या. 'थॉर : रॅग्नरॉक'मध्ये नायकाचा हातोडा सुरुवातीलाच फुटतो, पुढं त्याचे लांब केसही कापले जातात, आता हा करणार काय, म्हणून आपण बघत राहतो. तुमच्या नाटकात ती कुबडी पाटीलकी असेल, जमीन असेल, नाही तर तोच तो टाळीचा डायलॉग असेल. तो डायलॉग पहिल्या तासात कोणीतरी त्याच्याच तोंडावर फेकून मारावा.

मागची गोष्ट सांगायला निवेदक उभा करू नका. दहा वाक्यं पुरतात, आणि तीही भांडणात. भावाला भाऊ म्हणतो, 'बापाच्या तेरवीला तू कुठं होतास?' एका ओळीत दोन वर्षांचा इतिहास आला. ज्यानं पहिलं नाटक पाहिलं नाही त्यालाही कळतं, आणि पाहिलेला कंटाळत नाही. मेलेल्याला जिवंत मात्र करू नका. मागच्या नाटकात प्रेत दाखवलं असेल तर विषय संपला. प्रेक्षक ते विसरत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर वाड्याचा पडदा तोच वापरा, एक विंग आणि सामान बदलून ठाणं करा. पाहुणा खलनायक तालमींना येऊ शकत नसेल तर त्याचे नायकाबरोबरचे प्रवेश फोनवरच्या बोलण्याचे लिहा आणि समोरासमोरचा एकच ठेवा, शेवटचा. त्या एका प्रवेशाच्या तालमी मात्र चार घ्या.

राहिलं बुकिंग. जिथं पहिलं पडलं त्या मंडळाकडे आधी जाऊ नका. पहिले चार-पाच प्रयोग नव्या गावांत करा, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, गर्दीत जमलं तर उत्तम. शेजारच्या गावाहून निरोप गेला की जुनं मंडळ आपणच विचारणा करतं.

प्रश्न : पहिला पडला आणि दुसरा जमला, असं मराठीत उदाहरण आहे का?
(एक वाचक, दर्यापूर)

उत्तर : सापडणं कठीण. मराठीत लोकांनी डोक्यावर घेतलेल्याचाच पुढचा भाग निघतो. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे २०१०, २०१५ आणि २०१८ असे तीन झाले, 'टाइमपास'चा दुसरा दीड वर्षाच्या आत आला, 'झपाटलेला'चा वीस वर्षांनी. यांना पहिल्याच्या प्रेमाचं ओझं, नाराजीचं नाही. तो आजार वेगळा. हिंदीत जवळचं म्हणजे 'तनु वेड्स मनू'. २०११ चा अर्धाकच्चा, २०१५ चा पक्का, कारण हिमांशू शर्मांनी त्याच नायिकेसमोर तिच्याच चेहऱ्याची पण स्वभावानं उलटी दत्तो उभी केली. कंगना राणावतला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

प्रश्न : वाचनालयातर्फे उन्हाळ्यात शाळेच्या पटांगणात पोरांना सिनेमा दाखवायचा आहे. पहिला भाग कोणी पाहिलेला नाही, दाखवायचाही नाही. कोणता घ्यावा आणि काय काय लागेल?
(एक वाचक, आर्वी तालुका)

उत्तर : 'बम्बलबी' घ्या, हिंदी डब. १९८७ सालची गोष्ट, एक पोरगी आणि तिची पिवळी जुनी मोटार. आधीचे पाच भाग न पाहता समजते. सुरू करण्यापूर्वी एवढंच सांगा : दूरच्या ग्रहावर यंत्रमाणसांच्या दोन टोळ्यांचं युद्ध चालू आहे, ही गाडी त्यातल्या चांगल्या टोळीची आहे. आधीच्या भागांचे तुकडे दाखवू नका, पोरं तेच मागत बसतील. भुताचे काळोखे सिनेमे पटांगणात टाळाच. रस्त्यावरचा एक दिवा जरी चालू असला तरी पडद्यावर नुसता करडा रंग दिसतो.

आधी परवानगी. घरच्या ओटीटी खात्यावरून गावाला सिनेमा दाखवता येत नाही, ते खातं घरापुरतं असतं. प्रवेश फुकट ठेवला म्हणून परवानगीची गरज संपत नाही. हक्कधारकाकडून किंवा वितरकाकडून लेखी घ्या, आणि महिनाभर आधी मागा.

पडदा १० फूट रुंद, ५ फूट ७ इंच उंच. खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर, म्हणजे पुढच्यांची डोकी आड येत नाहीत. प्रोजेक्टरचं थ्रो-प्रमाण (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर तो पडद्यापासून १५ फुटांवर, म्हणजे गर्दीच्या मधोमध येतो. भोवती बाकं लावून जागा अडवा, नाही तर पोरं हातांचे ससे नाचवतील. उजेड ३,००० अँसी लुमेन मागा. 'अँसी' हा शब्द विचारून घ्या. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचे हजारांचे आकडे दुसऱ्याच मापाचे असतात. मे महिन्यात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसातच्या आत सुरू केलंत तर पहिला प्रसंग कोणाला दिसणार नाही.

स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, प्रोजेक्टरजवळ नाही. जोडणी वायरनं, ब्लूटूथनं आवाज ओठांच्या मागं राहतो. लाइट जाणार हे धरूनच चाला. १५० अँपिअर-अवरची बॅटरी चांगली असेल तर ३०० वॉटचा प्रोजेक्टर आणि १५० वॉटचा आवाज अडीच तास ओढते. सिनेमा दोन तासांच्या आत आहे. प्रोजेक्टर पहिल्यापासूनच इन्व्हर्टरवर ठेवा. दिव्याचं यंत्र असेल तर अचानक वीज गेल्यावर पंखा थांबतो, दिवा मात्र तापलेलाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

वारा सुटला की पडदा शिडासारखा फुगतो आणि दोरीनं करकचून बांधलेला कोपऱ्यातून फाटतो. पडद्याला भोकं पाडून वारा जात नाही, चित्र मात्र जातं. सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या वीतभर पट्ट्या करा आणि दर दोन फुटांवर पडदा आणि बांबू यांच्यामध्ये बांधा. ट्यूब ताणते, वारा सरला की पडदा जागेवर येतो.